‘तुमची मातृभाषा जर्मन नाही, मग?’

जिनिव्हातल्या माझ्या वर्गाविषयी मागच्या अंकात चार ओळी लिहिल्या आणि पत्रं येऊ लागली. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: मी इथल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत सहावी ते बारावीच्या मुलांना जर्मन शिकवते. नव्यानं आलेल्या मुलांचा पहिल्या वर्षाचा फ्रेंचचा वर्गही माझ्याकडे असतो. आलेल्या पत्रांपैकी पाच आज घेतली आहेत.

प्रश्न : ताई, मी पुण्याची, वय २७. रानडे इन्स्टिट्यूटमधून जर्मनमध्ये एम.ए. केलं, सी-१ ची (ए-१ ते सी-२ या सहा युरोपीय पातळ्यांतली पाचवी) परीक्षा पास आहे, चार वर्षं एका सीबीएसई शाळेत आठवी ते दहावीला जर्मन शिकवते. परदेशातल्या आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये अर्ज केले. दोन मुलाखती झाल्या आणि दोन्हीकडे पहिला प्रश्न तोच होता : ‘तुमची मातृभाषा जर्मन नाही, मग?’ मला पुढे बोलताच आलं नाही. या ‘मग’चं उत्तर काय द्यायचं?

उत्तर : तू माझ्याच विभागातली, म्हणून एकेरीत लिहिते. रानडेच्या आवारात सायकल लावून मीही सकाळच्या तासाला धावत गेले आहे.

हा ‘मग’ मलाही ऐकावा लागला. २००८ मध्ये यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो, वर्षभरानं मी पहिली मुलाखत दिली. समोरच्या गृहस्थांनी माझी प्रमाणपत्रं पाहिली आणि हेच विचारलं. मी म्हणाले, ‘पण माझे उच्चार चांगले आहेत.’ ती नोकरी मला मिळाली नाही. उत्तर सुचलं ते घरी आल्यावर, कणीक मळताना.

तेच उत्तर तुला देते. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर सरळ फळ्याकडे जा आणि एक तुकडा लिही : ‘वाइल इश म्यूडं बिन’. वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, म्यूडं म्हणजे दमलेली, बिन म्हणजे आहे. कारण मी दमलेली आहे. शब्दाला शब्द, जागच्या जागी. इंग्रजीत वाढलेल्या मुलाला क्रियापद टोकाला न्यायची सवय लागेपर्यंत महिने जातात. आपण बोलायला लागल्यापासून तेच करतो. आता आकडे घे. पंचविसाला जर्मन म्हणतो ‘फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश’, आधी पाच आणि मग वीस. आपलं पंचवीस तसंच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा घरोघरी वाद झाले, आठवतं ना? जर्मनीतही ‘त्स्वान्त्सिश-आइन्स’ म्हणजे अक्षरशः ‘वीस एक’ म्हणू द्या, अशी मागणी करणारी संस्था आहे. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुलांचे डोळे चमकतात. आपली अडचण जगात आणखी कुणाची तरी आहे हे कळल्यावर मूल मोकळं होतं.

आणि उच्चार. दहाला जर्मनमध्ये ‘त्सेन’. इंग्रजी वळणाची मुलं त्याचं ‘झेन’ करतात. मराठीत चमच्यातला च आणि चंद्रातला च वेगळे. चमच्यातला च म्हणजेच जर्मन ‘झेड’. आपल्याला तो जन्मानं मिळाला आहे आणि त्याची किंमत आपल्याला माहीत नसते.

तेव्हा ‘मग’चं उत्तर असं : ‘मी ही भाषा शिकले आहे, त्यामुळे तुमची मुलं कुठे अडखळणार हे मला ती अडखळायच्या आधी कळतं.’ हे म्हणताना आवाज खाली जाऊ देऊ नकोस. माझ्या शेजारच्या वर्गात हॅम्बुर्गच्या बाई शिकवतात. त्यांच्याकडे बडबडगीतं आहेत, आजीच्या म्हणी आहेत, रस्त्यावरची ताजी भाषा आहे. ते माझ्याकडे नाही आणि मी ते त्यांच्याकडून रोज मागून घेते. पण एखाद्या मुलाचं वाक्य का मोडलं हे शोधायचं असलं की त्या माझ्या दारावर टकटक करतात. चांगल्या विभागात दोघी लागतात. मुलाखतीत हेही सांग.

आता व्यवहाराचं. बी.एड. झालं नसेल तर ते आधी. बऱ्याच देशांत शिक्षकाचा परवाना लागतो आणि नुसत्या एम.ए.वर तो मिळत नाही. सी-१ वर थांबू नकोस, सी-२ दे. मातृभाषा नसलेल्या माणसाचा कागद भक्कम असावा लागतो. ते न्याय्य आहे की नाही हा प्रश्न वेगळा, पण तसं आहे. दुसरी भाषाही हवी. जाहिरातीत बहुधा ‘जर्मन आणि फ्रेंच’ किंवा ‘जर्मन आणि स्पॅनिश’ असं असतं, कारण फक्त जर्मनचे तास भरत नाहीत. फ्रेंच बी-२ पर्यंत नेलीस तर लहान वर्ग तुला देता येतात. मी इथे नोकरीविना बसले त्या वर्षांत तेच केलं आणि त्याच फ्रेंचमुळे आतल्या दारातून आत आले. एका शिक्षिकेच्या बाळंतपणाच्या रजेत बदली म्हणून घेतलं आणि मग ठेवून घेतलं.

अभ्यासक्रमांची भाषा शिकून घे. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) म्हटलं की ‘लँग्वेज बी’ (आधी थोडी शिकलेली परकी भाषा) आणि ‘ॲब इनिशिओ’ (शून्यापासून सुरू केलेली) यांतला फरक, केंब्रिजचं आयजीसीएसई (दहावीच्या पातळीची परीक्षा) म्हटलं की ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं या चौघांना प्रत्येकी २५ टक्के, एवढं तरी तोंडावर असावं. तुझ्या सीबीएसईच्या चार वर्षांत तू मुलांना जर्मनमध्ये किती बोलतं केलंस हे तुला विचारतील. उत्तर ‘फारसं नाही’ असेल तर आजपासून सुरुवात कर आणि सहा महिन्यांनी अर्ज कर.

जाहिराती नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत भरात असतात. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र पासपोर्ट सेवेतून घ्यावं लागतं. पदवीच्या कागदांना काही देशांत ॲपोस्टिल (कागद खरा असल्याचा आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का) चालतं, अमिरातीत दूतावासाचा शिक्का लागतो आणि त्याआधी राज्य सरकारचा. याला आठवडे लागतात, नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर धावपळ करू नकोस. स्वित्झर्लंडच्या मागे मात्र लागू नकोस. युरोपबाहेरच्या माणसाला इथे परवाना मिळायचा तर कोट्यात जागा हवी, आणि इथे किंवा युरोपात त्या कामाला कुणी मिळालं नाही हे मालकाला दाखवावं लागतं. मी पतीच्या परवान्यावर आले म्हणून जमलं. आग्नेय आशिया, आखात, पूर्व आफ्रिका इकडे बघ. पगाराचा आकडा विचारशील तेव्हा घरभाडं, आरोग्यविमा आणि वर्षातून एकदा घरी यायचं तिकीट करारात लिहिलेलं आहे का, तेही विचार. तोंडी कबुली धरू नकोस.

प्रश्न : आम्ही चार महिन्यांपूर्वी ठाण्याहून जिनिव्हाला आलो. मुलगा १५ वर्षांचा, आंतरराष्ट्रीय शाळेत दहावीला. पुढच्या वर्षी आयबी डिप्लोमा सुरू होईल. ठाण्याच्या शाळेत त्यानं तीन वर्षं फ्रेंच केलं होतं. आता ते सांगितलं नाही तर त्याला अगदी सुरुवातीचा वर्ग मिळेल आणि गुणही चांगले पडतील, असं एका ओळखीच्यांनी सुचवलं. तसं करावं का? शिवाय तो बाहेर फ्रेंचचा एक शब्द बोलत नाही. मराठीही म्हणतो आता कशाला.

उत्तर : लपवू नका, वहिनी. ॲब इनिशिओचा वर्ग त्या भाषेची ओळख नसलेल्या किंवा जेमतेम असलेल्या मुलांसाठी आहे. तीन वर्षं शिकलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात ओळखू येतो. मी दोनदा अशी मुलं पाहिली. वर्गात बाकीची ‘माझं नाव अमुक’ शिकत असतात आणि हा मुद्दाम चुकत बसतो. दोन वर्षं मुद्दाम चुकत बसलेल्या मुलाचं पुढे काय होतं हे गुणांत दिसत नाही, पण घरात दिसतं.

त्याचं ठिकाण आहे लँग्वेज बी, स्टँडर्ड लेव्हल. त्यात तोंडी परीक्षेला एक चित्र समोर ठेवतात, १५ मिनिटं तयारीला आणि मग १२ ते १५ मिनिटं शिक्षकाशी बोलणं. लेखनाला एक मजकूर, २५० ते ४०० शब्दांचा. ऐकणं आणि वाचणं वेगळं. चारही भाग सारख्या वजनाचे. ठाण्यातून आलेल्या मुलांचं लेखन आणि व्याकरण बरं असतं, ऐकणं आणि बोलणं कच्चं. म्हणजे काम कुठे करायचं ते स्पष्ट आहे, आणि ते काम दाराबाहेर फुकट मिळतंय.

इथेच खरी गोम आहे. या शाळांतली मुलं इंग्रजीच्या बुडबुड्यात राहतात. शाळेची बस, शाळेतले मित्र, घरी फोन. चार-चार वर्षं जिनिव्हात राहून पाव मागता न येणारी मुलं मी पाहिली आहेत. म्हणून माझ्या नव्या वर्गाला मी बुधवारी सकाळी १२ नंबरच्या ट्रामनं शेजारच्या कारूज गावाला घेऊन जाते. चौकात चिनाराच्या जातीच्या प्लेन झाडांखाली बाजार भरतो. प्रत्येकाला पाच फ्रँक आणि एक काम. इंग्रजी बोलायचं नाही. मागच्या हिवाळ्यात एका कोरियन मुलाला काम दिलं होतं : ज्या भाजीचं नाव माहीत नाही तिच्यासमोर उभं राहायचं आणि ती कशी करतात ते विचारायचं. तो ‘कार्दों’समोर उभा राहिला. काटेरी, राखी दांड्यांची ही जिनिव्हाची खास भाजी, नाताळच्या सुमारास घरोघरी होते. भाजीवाल्या आजींनी दांडा हातात घेतला, नखानं त्याचा दोर सोलून दाखवला, लिंबाच्या पाण्यात टाकायचं म्हणून हातानंच वाटी केली, मग दूध, मग भट्टी. त्याला तिसरा भागही कळला नसेल. पण त्यानं दर वाक्याला मान हलवून ‘ए आप्रे?’, म्हणजे ‘आणि मग?’, विचारलं. सहा वेळा. मी मोजलं. शेवटी किंमत विचारली तर आजी म्हणाल्या ‘नोनांत सांतीम’. पुस्तकात नव्वदाला ‘कात्र-व्हँ-दिस’, म्हणजे चार वीस दहा. इथे सरळ नोनांत. तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला आणि मग स्वतःच हसला. नव्वद हा शब्द त्याला आता कुणी पुसून टाकू शकणार नाही.

तुमच्या मुलालाही शनिवारी असंच पाठवा. सोबत जाऊ नका, वीस पावलं मागे राहा. दुकानात शिरताना ‘बाँझूर’ म्हणायचं, न म्हणता काही मागायचं नाही, एवढा एकच नियम द्या. इथे तो नियम फार पाळतात.

मराठीबद्दल. तो नववीपर्यंत महाराष्ट्रात शिकला, मराठी वाचतो. ते वाया घालवू नका. डिप्लोमात मातृभाषेचं साहित्य स्वयंअध्ययनानं घेण्याची सोय आहे. शाळेत त्या भाषेचे शिक्षक नसले तरी चालतं, पण शाळेनं आयबीकडे वेळेत विनंती करावी लागते. दोन भाषा ‘ए’ पातळीवर, म्हणजे मातृभाषेसारख्या साहित्यासह, घेतलेल्या विद्यार्थ्याला द्वैभाषिक डिप्लोमा मिळतो. डिप्लोमाच्या कोऑर्डिनेटरना या महिन्यातच गाठा, जूनमध्ये उशीर झालेला असेल. आणि त्यानं हे नाही निवडलं तरी घरात मराठी सोडू नका. ‘मुलगा गोंधळेल, घरी इंग्रजी बोला’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मी वर्गात बघते : ज्याची एक भाषा खोल रुजलेली असते त्याला तिसरी धरायला जागा असते.

प्रश्न : मी साताऱ्याचा निवृत्त शिक्षक, ३१ वर्षं मराठी आणि संस्कृत शिकवलं. नात परदेशी शाळेत जर्मन शिकते. व्हिडिओवर तिला म्हटलं, चालव बघू एक शब्द सगळ्या विभक्तींत. म्हणाली, ‘आजोबा, असं काही शिकवतच नाहीत.’ दोन वर्षं झाली! व्याकरणाशिवाय भाषा म्हणजे पायाशिवाय घर. हे कसं चालतं?

उत्तर : सर, तुमचं पत्र वाचून मला आमच्या शाळेतले संस्कृतचे सर आठवले. ‘रामः रामौ रामाः’ मी आजही भांडी घासताना म्हणू शकते. त्याचा मला जर्मनमध्ये किती उपयोग झाला हे सांगायला एक पत्र पुरणार नाही. संस्कृतच्या विभक्त्या ज्यानं केल्या त्याला जर्मनच्या चार म्हणजे मधल्या सुट्टीतलं काम. त्यामुळे मी तुमच्याशी वाद घालणार नाही. फक्त आमच्याकडे पायाचे दगड कोणत्या क्रमानं बसवतात ते दाखवते.

सहावीच्या वर्गात मी पिशवीतून तीन वस्तू काढते. चमचा, काटा, सुरी. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, देअर ल्योफल. काटा स्त्रीलिंगी, दी गाबल. सुरी नपुंसकलिंगी, दास मेसर. एका ताटाभोवती तिन्ही लिंगं. इंग्रजीवाली मुलं हैराण होतात : सुरीला लिंग कसलं? मी त्यांना सांगते, माझ्या भाषेत तो चमचा, ती सुरी आणि ते ताट. तिथेही तिन्ही आहेत, फक्त वाटणी वेगळी. मग कुणीतरी विचारतंच, की मुलीला जर्मन ‘दास मेडशन’ म्हणजे नपुंसकलिंगी कसं म्हणतात, हा अपमान नाही का? शेवटी ‘शन’ आला की तो शब्द लहानपणाचा, लाडाचा, आणि असे सगळे शब्द नपुंसकलिंगी. सर, आपलं ‘पोरगं’ आठवा. ‘आमचं पोरगं गुणी आहे’ म्हणताना आपण कुणाचा अपमान करत नाही.

मग मुलं दोघं-दोघं बसून एकमेकांकडे वस्तू मागतात. ‘तो चमचा दे’ म्हणताना ‘देअर’चा ‘देन’ व्हावा लागतो, ‘माझ्याकडे चमचा नाही’ म्हणताना ‘काइन’चा ‘काइनन’. मी ते अजून समजावलेलं नसतं. मुलांच्या कानावर पन्नासदा पडतं. पंधरवड्यानं एखादं मूल हात वर करतं : चमच्यालाच का असं होतं, सुरीला का नाही? त्या दिवशी मी विभक्तीचा तक्ता फळ्यावर काढते. सगळा. तीन लिंगं आणि अनेकवचन गुणिले चार विभक्त्या, १६ घरं. प्रश्न मुलाचा असतो, म्हणून तक्ता त्याच्या डोक्यात बसतो. तुमच्या नातीच्या शाळेत दोन वर्षांत तो प्रश्न कुणी विचारलाच नसेल, किंवा विचारला तेव्हा शिक्षकांनी ‘नंतर बघू’ म्हटलं असेल, तर ती चूक शिक्षकांची. इथे मी तुमच्या बाजूची आहे. काही शाळांत व्याकरणाचं नाव घेणंच मागासलेपणाचं मानतात आणि दहावीत मुलं अंदाजानं शेपट्या लावत बसतात. तिला सांगा, शिक्षकांकडे तक्ता माग. आणि शब्दयोगी अव्ययांची ही माळ पाठ करून घ्या, मी वर्गात टाळ्यांवर म्हणून घेते : आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फॉन, त्सू. या सातांपुढे नेहमी ‘डाटिफ’, म्हणजे आपली चतुर्थी. नातीबरोबर तुम्हीही म्हणा, तुम्हाला एका बैठकीत येईल.

माझ्या वर्गाच्या भिंतीवर एक मोठा कागद आहे, त्याविषयी तुम्हाला मुद्दाम लिहावंसं वाटतं. त्यावर प्रत्येक मूल आपल्या घरच्या भाषेत ‘मला थंडी वाजते’ लिहितं आणि खाली त्याचा शब्दशः अर्थ. दरवर्षी नवा कागद. इंग्रजी : मी थंड आहे. फ्रेंच : माझ्याकडे थंडी आहे. ब्राझीलच्या मुलीनं पोर्तुगीजमध्ये लिहिलं : मी थंडीसोबत आहे. रशियन : मला थंड, ‘म्न्ये होलद्नो’. पोलिश : ‘झिम्नो मी’, तेही मलाच. कोरियनमध्ये ‘मी’ही नाही, नुसतं थंड आहे. आणि जर्मन : ‘मिअर इस्ट काल्ट’, मला थंड आहे. ‘इश बिन काल्ट’ म्हटलं तर माणूस थंड काळजाचा होतो. दरवर्षी इंग्रजीवाली मुलं ही चूक करतात आणि दरवर्षी पोलिश किंवा रशियन मूल त्यांना ती समजावून देतं, कारण ‘मला’ ही चतुर्थी त्याच्या घरात आहे. तशी ती आपल्याही घरात आहे : मला भूक लागली, मला आवडतं, मला कंटाळा आला. हा कागद भरतो त्या दिवशी माझ्या वर्गात सगळ्यांत गप्प असलेलं मूल बोलतं. आपली भाषा कधी कुणी विचारली नव्हती असं ते मूल असतं. सर, व्याकरण मी तिथून सुरू करते.

प्रश्न : फोनमध्ये आता सगळं भाषांतर होतं. मुलांनी परकी भाषा शिकण्यात वर्षं का घालवावीत? (नाशिक)

उत्तर : मागच्या वर्षी आठवीला घेऊन बर्नला गेले होते. मुलांनी छान तयारी केली होती, दुकानात ‘गुटन टाग’ म्हणाली. समोरून ‘ग्रुएसेख’ आलं आणि पुढचं सगळं बर्नच्या बोलीत. जर्मन स्वित्झर्लंडमध्ये लिहायची जर्मन एक आणि बोलायची दुसरी. पुस्तकातली मराठी शिकून मालवणात उतरावं तसं. एका मुलानं फोन पुढे केला, फोनलाही ती बोली धड कळेना. मग शेजारच्या मुलीनं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं, ‘कृपया हळू बोलाल? आम्ही शिकतोय.’ दुकानदार काका काउंटरमागून बाहेर आले, मुलांजवळ उभे राहिले आणि शाळेतल्या जर्मनमध्ये सावकाश बोलू लागले. स्वतःच्या मुलीलाही आतून बोलावलं. दहा मिनिटं गप्पा झाल्या. फोन मी रोज वापरते, दस्तऐवजांसाठी उत्तम आहे. काका काउंटरमागून बाहेर आले ते ‘आम्ही शिकतोय’ या शब्दांनी.

प्रश्न : ऑगस्टमध्ये नैरोबीच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत फ्रेंच शिकवायला रुजू होतेय. कोल्हापूरची आहे, पहिल्यांदाच देशाबाहेर. पहिल्या दिवशी वर्गात काय करू? फार धडधडतंय.

उत्तर : अभिनंदन! फ्रेंच नंतर. पहिल्या दिवशी नावं.

या शाळांत दोन-तीन वर्षांनी देश बदलणारी मुलं असतात. त्यांच्या नावाचा उच्चार दर शाळेत कुणीतरी मोडतं आणि काही मुलं दमून आपलं नावच सोपं करून सांगतात. तू तसं होऊ देऊ नकोस. प्रत्येक मुलाला त्याचं नाव म्हणायला सांग, तू देवनागरीत लिहून घे. आपली लिपी या कामाला सोन्यासारखी आहे. महाप्राण, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, सगळं टिपता येतं. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मूल मान वर करून बघतं, ते बघण्यासारखं असतं.

मग तुझ्या भाषेतला एक अवघड आवाज त्यांना दे. माझ्या आडनावात ळ आहे. मी फळ्यावर लिहिते आणि म्हणायला लावते. जीभ मागे, टाळूला, आणि सोडायची. पंचवीस मुलं ‘ल, र, ड’ करत बसतात. मागच्या वर्षी तमिळ घरातल्या एका मुलीला पहिल्या फटक्यात जमला, तिनं मग शेजारच्या तिघांना शिकवला. शिकताना तोंड वाकडं होतं, आणि बाईंसमोर ते झालं तरी चालतं, हे त्या दहा मिनिटांत सगळ्यांना कळतं. त्यानंतर फ्रेंच ‘यू’ काढ : ओठ ‘ऊ’चे ठेवायचे आणि आतून ‘ई’ म्हणायचं. आता कुणी लाजणार नाही.

कोल्हापूरची म्हणजे तुझ्याकडेही ळ हाताशी आहे, गावा‌शेजारीच आहे : पन्हाळा. तोच दे. आणि वर्गाची यादी शाळेकडे आत्ताच मागून ठेव, ऑगस्टमध्ये पोचल्यावर ती पाठ करायला वेळ मिळत नाही.